वाळूचे सोम

आमच्या टपाल कचेरीच्या मागच्या खोलीत एक खुर्ची आहे. तोल्कुनने ती स्वतः मागून आणली, तिच्यावर लोकरीची घडी शिवून घातली, आणि त्या वसंतात तिच्यावर बसलेली ती मला क्वचितच दिसली. संगणकापुढे उभ्यानेच वाकून ती काहीबाही लिहायची, मग खिडकीशी जायची. खिडकीबाहेर आत-बाशी या मोठ्या गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावरचा चिखल, चिखलात रुतलेली कुणाची तरी गाडी, पलीकडे डोंगरावर अजून न हललेलं बर्फ. त्यातलं काहीच तिला दिसत नसावं. वळून परत संगणकापाशी. शेगडीजवळ यायची, गरज नसताना हात शेकायची, पुन्हा खिडकीशी.

त्या शेगडीत कोळसा घालायचं काम माझं. आधी मी लोहार होतो. हात थकले तेव्हा गावाने मला ही कचेरी दिली आणि उस्ताके, म्हणजे उस्ताद, हे नाव तेवढं राहू दिलं. तोल्कुनही मला उस्ताकेच म्हणते. तिच्या सासऱ्याचा, तुर्गुनबायचा, मी चुलत थोरला भाऊ.

"बस की गं जरा," मी म्हणायचो. "तुझ्याकडे बघून माझेच पाय दुखायला लागले."

"बसले की झोप येते, उस्ताके."

झोप कसली येतेय. तिला भीती वाटत होती, आणि भीती उभ्यानेच बरी वाटते.

तोल्कुन आमच्या घरात सून म्हणून आली तेव्हा नारिन शहरात हिशेबाचं शिक्षण घेऊन आली होती. पुढे तिचा नवरा कुबान मॉस्कोला गेला आणि वर्षाच्या आत तीही गेली. लेक जिबेक तेव्हा रांगतही नव्हती. तिला सासूच्या, सायराकानच्या मांडीवर ठेवून ती गाडीत बसली. तिकडे आधी भांडी घासली, मग एका मोठ्या गोदामात माल नोंदवायला लागली. गोदामाचं यंत्र अडलं की दुरुस्त करायला एक माणूस यायचा. तोल्कुन त्याच्या खांद्यामागे उभी राहायची. तो काही सांगत नसे आणि तिला हाकलतही नसे. असं उभं राहून राहून ती शिकली. म्हणजे बघा, तिची उभं राहायची सवय तेव्हापासूनची.

कुबानला तिकडेच ठेवून परत आली तेव्हा जिबेक सहा वर्षांची होती. आजीला ती आपा म्हणायची. आपा म्हणजे आमच्याकडे आई. आणि या दारात उभ्या राहिलेल्या बाईला ती म्हणाली, "तोल्कुन एजे." एजे म्हणजे ताई. कुणी शिकवलं नव्हतं. मोबाइलच्या पडद्यावर दिसणारी शहरातली ताई, अशीच ती तिला ओळखत होती.

तोल्कुनने बॅग खाली ठेवली आणि म्हणाली, "हो, मीच ती." नंतर मला तिने एकदाच सांगितलं, "उस्ताके, मी आता जाणार नाही. पुन्हा गेले तर ती मला पाहुणी समजेल."

पण राहायचं तर पोट भरायला काम हवं. आणि काम इथे काय असतं? मेंढ्या असतात, शाळा असते, टपाल असतं.

तेवढ्यात पतपेढीचं निघालं. तीन गावं मिळून आमची एक पतपेढी आहे. कुरणाची फी, औषधाचे पैसे, एकमेकांना उसने, सगळं तिच्यातून होतं. पण उन्हाळ्यात माणसं जनावरं घेऊन जायलोवर, वरच्या कुरणात जातात, आणि मग दोनशे सोम इतके थोडे पैसे द्यायलाही अर्धा दिवस घोड्यावर बसून खाली यावं लागतं. पतपेढीचा प्रमुख मुकान बाइके, म्हणजे मुकानदादा, बिश्केकच्या एका कंपनीची प्रणाली विकत घ्यायला निघाला होता. तोल्कुन त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली.

"बाइके, हे विकत घ्यायची गरज नाही. पैसे पाठवायची अशी प्रणाली फुकट मिळते. जगभरच्या लोकांनी मिळून लिहिली आहे. आत काय आहे ते कुणालाही उघडून बघता येतं, बदलता येतं. मी इथेच उभी करून दाखवते."

मुकान बाइके चांगला माणूस आहे, पण कुणावरही पटकन भरवसा टाकायचा नाही हे तो फार वर्षांपूर्वी शिकला आहे. त्याने चहाची वाटी फिरवली.

"फुकट मिळतं ते बिघडलं की दुरुस्त कोण करणार?"

"मी."

"तू? आज तू आहेस. उद्या नवरा बोलावील, तू निघून जाशील. मग मी त्या यंत्राकडे बघत बसू काय?"

"मी जाणार नाही."

"सगळे असंच म्हणतात, पोरी." मग जरा थांबून म्हणाला, "जनावरं वर जायच्या आधी खोट्या पैशांवर चालवून दाखव. तिन्ही गावांत. एक पाठवणी अडली नाही पाहिजे. चाललं तर काम तुझं, पगारासकट. नाहीतर बिश्केकवाले येतात."

एवढंच. तिचं राहणं आणि जाणं त्या वाक्यात बांधलं गेलं.

तिने शाळेकडून दोन जुने संगणक आणले. एक आमच्या खोलीत, एक आत-बाशीला पतपेढीच्या कचेरीत. तिथे दामिरा नावाची मुलगी बसते, जिचं तोंड हातापेक्षा जास्त चालतं. दोघी दिवसभर फोनवर.

मी विचारलं, खोटे पैसे म्हणजे काय. तोल्कुन म्हणाली, "उस्ताके, शिंगरावर तुम्ही आधी माणूस बसवता का?"

"छे. आधी वाळूची पोती बांधायची. चार दिवस पोती घेऊन फिरलं, उधळलं नाही, की मग माणूस."

"हे तसंच. हे वाळूचे सोम. पडले तर कुणाचं डोकं फुटणार नाही."

मला ते पटलं. तेव्हापासून आम्ही त्यांना वाळूचे सोमच म्हणतो.

ती प्रणाली म्हणजे एक वस्तू नव्हे. तिचे खूप तुकडे असतात. एक दार राखतो, एक हिशेब ठेवतो, एक माणूस शोधून देतो की हा नंबर कुणाचा, कुठल्या गावचा. सगळे एकाच वेळी उभे राहावे लागतात. एक बसला की दुसरा पडतो. आमच्याकडे लोकरीचं घर उभारताना असंच होतं. वरचं लाकडी कडं, तुंदुक, एकाने काठीवर तोलून धरायचं असतं, आणि बाकीच्यांनी चहूबाजूंनी दांड्या त्यात खोवायच्या असतात. तोल्कुन एकटीच तुंदुक धरून होती आणि एकटीच दांड्या खोवत होती. वीज जायची, सगळं कोसळायचं. वीज यायची, ती पुन्हा पहिल्यापासून. मी तिच्यापुढे बोर्सोकची ताटली ठेवायचो. तळलेल्या पिठाचा तो तुकडा हातात घेऊन ती विसरून जायची आणि तो तिच्या खिशात सापडायचा.

आणि मग एका दुपारी ते उभं राहिलं. आमच्या गावच्या शिक्षिकेकडून आत-बाशीच्या खाटकाकडे वाळूचे शंभर सोम गेले. दामिरा तिकडून ओरडली, "आले! खाटीक श्रीमंत झाला!" तोल्कुन हसली. ती हसलेली पाहून मी दोन पाट्या कोळसा जास्त घातला.

पण दुसऱ्या दिवशी घोळ सुरू झाला.

बाकी सगळ्यांचे पैसे जात होते, येत होते. पण आमच्या गावातल्या काही मोजक्या माणसांना पाठवले की यंत्र म्हणायचं, असा माणूस सापडला नाही. तीच तीच माणसं. तोल्कुनने त्यांचे नंबर तपासले, बरोबर होते. माणूस शोधणारा तुकडा काढून पुन्हा बसवला. तेच. सगळंच पुसून पहिल्यापासून उभारलं. तेच. जगभरच्या त्या लोकांना तिने विचारलं. कुठून कुठून उत्तरं आली, कुणी म्हणे हे बघ, कुणी म्हणे ते बघ, आणि तिने सगळं बघितलं.

ती आता खिडकीशीही थांबत नव्हती. दारातून बाहेर जायची, चिखलातून नदीपर्यंत, बूट भरून परत. सायराकान एकदा दूध घेऊन आली आणि सुनेचे बूट बघून म्हणाली, "आमची सून यंत्र दुरुस्त करते की नदी मोजते?"

"आपा, होईल."

"होईल म्हणे. मुकान परवा येतोय. पोरगी घरी विचारते, तोल्कुन एजेची बॅग पलंगाखालून काढली का म्हणून."

तोल्कुनने दुधाचं भांडं घेऊन शेगडीवर ठेवलं आणि ती पुन्हा संगणकाशी वळली.

त्याच दिवशी तिने दामिराला फोन लावला आणि आवाज मोठा करून ठेवला, कारण हात संगणकावर हवे होते. मी शेगडीची राख काढत होतो.

"दामिरा, तुझ्याकडच्या नोंदी वाच. मी माझ्याकडच्या वाचते. एक-एक करून ताडून बघू."

"नंबर तर कालच ताडले ना?"

"पुन्हा. नावांसकट. तुझी नावं पासपोर्टावरून आलीत ना?"

"पासपोर्टावरून. तुझी?"

"माझी मी घातली. मला गावात कुणाला विचारायची गरज आहे का?"

"बरं बाई, वाच."

तोल्कुनने नंबर वाचला. दामिरा म्हणाली, "माझ्याकडे या नंबरला तुर्गुनबाय. तुझ्याकडे?"

तोल्कुन म्हणाली, "अता."

"अता म्हणजे वडील, कळलं. पण नाव?"

"अता."

"अगं कुणाचे अता? यंत्राला काय माहीत तुझे अता? पुढचा वाच."

तोल्कुनने पुढचा वाचला. आवाज हळू झाला होता. "उंच भाऊ."

फोनमधून हसण्याचा स्फोट झाला. "उंच भाऊ! पुढे कोण, बुटका भाऊ?"

"पांढऱ्या घोडीवाले," तोल्कुन वाचत होती. "वरच्या घरचे." आणि मग, माझ्याकडे न बघता, "उस्ताके."

दामिरा तिकडे खुर्चीवरून पडली असावी. "अगं तोल्कुन! पासपोर्टावर असं नाव असतं का कुणाचं? पांढरी घोडी कुठल्या रकान्यात लिहितात?"

दामिरा अजून कुमारी आहे. तिला काय माहीत.

आमच्यात सून सासरच्या थोरांची नावं घेत नाही. सासरा, नवरा, दीर, चुलत सासरे, कुणाचंच नाही. कुणी मारत नाही, कुणी तोडून बोलत नाही, पण नाव ओठांपर्यंत येतच नाही. त्याऐवजी प्रत्येकाला एक वेगळी हाक ठरते आणि तीच आयुष्यभर चालते. तोल्कुन नोंदी घालायला बसली तेव्हा शेजारी तिने नावांनी घातले आणि घरचे थोर हाकांनी. तिच्या बोटांनी ते केलं, डोक्याला विचारलंच नाही. रोजच्या तोंडातली ती नावं होती, डोळ्यांना खटकणार तरी कशी? पण दोन्हीकडची नावं जुळली नाहीत की यंत्राला माणूस सापडत नव्हता.

फोन बंद झाला.

"एवढंच होतं?" मी म्हणालो. "मग बदलून टाक."

तिने तुर्गुनबायच्या नोंदीवर बोट नेलं. पहिलं अक्षर लिहिलं. पुसलं. खिडकीशी गेली. परत आली, पुन्हा पहिलं अक्षर लिहिलं, आणि हात असा मागे घेतला की जणू शेगडीला लागला.

"कुणी ऐकत नाहीये गं," मी म्हणालो. "आणि लिहिणं म्हणजे काही बोलणं नव्हे."

"मलाही तसंच वाटत होतं, उस्ताके. मॉस्कोत तर मी कागदावर लिहिलीही असतील. पण इथे... ते रोज संध्याकाळी माझ्या हातचा चहा पितात."

"हाल बाजूला. मी लिहितो. तुर्गुनबाय माझा धाकटा आहे, मी त्याला गाढव म्हटलं तरी चालतं. अक्षरं कुठे आहेत ती दाखव."

"आज तुम्ही लिहाल. मुकान बाइके म्हणतील, हिला आपल्या गावची नावं लिहिता येत नाहीत, ही काय पतपेढी सांभाळणार. आणि ते खरंच असेल."

ती बाहेर पडली. या वेळी नदीकडे नाही, घराकडे. मीही मागून गेलो, कारण तिची शाल खोलीत राहिली होती.

सायराकान अंगणात लोकर झोडत होती. तोल्कुन तिच्यापुढे उभी राहिली आणि सगळं सांगून टाकलं, धापा टाकत. मला वाटलं सायराकान हसेल. ती हसली नाही. काठी बाजूला ठेवून तिने लोकरीचे तुसे अंगावरून झटकले.

"माझे सासरे जाऊन किती वर्षं झाली माहीत आहे का तुला? त्यांच्या कबरीवर दगड आहे. त्यावर नाव कोरलंय. मी दरवर्षी जाते, गवत काढते, आणि मला वाचता येतं तरी मी ते नाव वाचत नाही. बाकी अक्षरं वाचते, मधलं सोडून."

"मग आपा, उद्या जायलोवरून तुम्हाला अतांना पैसे पाठवायचे झाले तर? मोबाइलवर नाव लिहावं लागेल. काय लिहाल?"

"मी? मी पाठवणारच नाही. घोड्यावर बसून खाली येईन."

"आणि पांढऱ्या घोडीवाल्यांची सून?"

"तीही येईल. सगळ्याच येतील." सायराकानने काठी पुन्हा उचलली. "घरातले पैसे कोण पाठवतं, बायकाच ना? पुरुषांना पासवर्ड लक्षात राहतो का?"

तोल्कुन तिथेच उभी राहिली. पहिल्यांदाच तिचे पाय हलत नव्हते. मग तिने माझ्या हातातून शाल ओढून घेतली आणि धावत कचेरीकडे गेली. "उस्ताके, कोळसा घाला," एवढंच मागे वळून ओरडली.

तिने काय केलं ते मला जेवढं कळलं तेवढं सांगतो. ती प्रणाली उघडी होती ना, जगभरच्या लोकांनी लिहिलेली, कुणालाही आत हात घालता येणारी. तिने माणूस शोधणाऱ्या तुकड्याचं पोट उघडलं. प्रत्येक माणसाला पासपोर्टाचं नाव होतंच, ते दामिराकडच्या नोंदीतून सरळ आणलं, स्वतः न लिहिता. आणि त्याच्याशेजारी दुसरी जागा केली, हाकेची. जी जशी हाक मारते तशी तिने लिहावी. यंत्र आतल्या आत दोन्ही ताडून बघेल. दुसरा अख्खा दिवस ती त्यातच होती, आणि उभीच होती, पण चालत नव्हती.

मुकान बाइके आला तेव्हा खोलीत जागा नव्हती. बायका आल्या होत्या, कुणी बोलावलं नव्हतं तरी. तुर्गुनबाय कोपऱ्यात आपली कल्पाक टोपी गुडघ्यावर ठेवून बसला होता, आणि सायराकानच्या मांडीवर जिबेक.

मुकान बाइकेने ऐकून घेतलं आणि भुवया वर केल्या. "दोन-दोन नावं? म्हणजे उद्या कुणीही कुणालाही अता म्हणेल आणि पैसे भलतीकडे जातील."

"नाही जाणार," तोल्कुन म्हणाली. "ज्याला हाक मारली त्याला आधी विचारलं जातं, ही हाक तुमचीच का. तो हो म्हणाला तरच. एकदाच विचारतं, मग लक्षात ठेवतं."

"दाखव."

सायराकानने मोबाइल घेतला. नाक पडद्याला लावून तिने नवऱ्याचा नंबर घातला आणि नावाच्या जागी लिहिलं, "म्हातारबाबा." घरात ती नवऱ्याला तेच म्हणते. वाळूचे पाचशे सोम. बटण दाबलं. कोपऱ्यात तुर्गुनबायचा मोबाइल किणकिणला.

त्याने चष्मा लावला. सावकाश वाचलं. "सायराकान विचारतात, म्हातारबाबा तुम्हीच का." मग बायकोकडे बघितलं, आणि बोट उचलून 'नाही' दाबलं.

यंत्र म्हणालं, असा माणूस सापडला नाही.

तोल्कुन पांढरी पडली. मुकान बाइके खुर्चीत मागे रेलला.

"काय केलंत?" सायराकान ओरडली.

"मी म्हातारा नाही," तुर्गुनबाय म्हणाला.

"सुनेचं नशीब टांगलंय आणि याला तरुण व्हायचंय! दाबा 'हो'! नाहीतर आज रात्री चहाची वाटी स्वतः धुवा."

बायका इतक्या हसल्या की शेगडीचं झाकण थरथरलं. तुर्गुनबायने मान खाली घातली, आणि त्याच्या मिशीखालचं हसू मला दिसलं. सायराकानने पुन्हा पाठवले, त्याने 'हो' दाबलं. आत-बाशीहून दामिराचा आवाज आला, "गेले! पाचशे! म्हातारबाबा सापडले!"

त्यानंतर बायकांनी मोबाइल सोडलेच नाहीत. पांढऱ्या घोडीवाले सापडले, उंच भाऊ सापडला, वरच्या घरचे सापडले. एकही पाठवणी अडली नाही. मुकान बाइके बघत राहिला. त्याच्या स्वतःच्या सुनेने त्याच्या मोबाइलवर विचारलं, "टक्कलवाले तुम्हीच का," आणि त्याने हो दाबायला जरा वेळ लावला, पण दाबलं.

"हे तू लिहिलंस?" त्याने तोल्कुनला विचारलं. "बिश्केकवाल्यांना सांगितलं असतं तर?"

"ते म्हणाले असते, पुढच्या वर्षी."

त्याने चहाची वाटी खाली ठेवली. "जनावरं खाली उतरेपर्यंत राहा. पगार मिळेल. शरद ऋतूत बघू पुढचं."

तिला कायमचं हवं होतं. तरी तिने होकारार्थी मान हलवली. उन्हाळा तर मिळाला.

बायका उठू लागल्या तेव्हा जिबेक पडद्यापाशी आली. "मलाही पाठवायचे."

"कुणाला?"

"तुला."

सायराकान शालीची गाठ बांधता बांधता थांबली. मी शेगडीच्या दाराशी वाकलो होतो, तसाच वाकून राहिलो. तोल्कुन पडद्यापुढे वाकली, बोटं अक्षरांवर ठेवली.

"हाक काय लिहू?"

जिबेकने विचारही केला नाही. "तोल्कुन एजे."

तोल्कुनने ते तसंच लिहिलं, एक-एक अक्षर, कुठेही न थांबता. तिचा मोबाइल खिशात किणकिणला. तिने तो काढला, त्याला चिकटलेला बोर्सोकचा तुकडा झटकला, आणि 'हो' दाबलं.

"सापडली?" जिबेकने विचारलं.

"सापडली."

"उद्या पुन्हा पाठवू?"

"पाठव. मी आहे उद्या."

मग तिने लोकरीची घडी घातलेली ती खुर्ची पुढे ओढली, आणि मुलीला तिच्यावर बसवलं.